ऑटोपायलटच्या भरवशावर उडताय? या चुका टाळा

इंदूरला घरी असलो की रामबागेतली, नुकतंच कमर्शियल लायसन्स हातात पडलेली मुलं भेटायला येतात. प्रश्न ठरलेला: "काका, टाइप रेटिंग (एका ठरावीक विमानाचं खास प्रशिक्षण) एअरबसचं करू की बोइंगचं?" हातानं विमान उडवण्याबद्दल कुणी विचारत नाही. लायसन्सला 200 तास पुरतात, आणि एअरलाइनमध्ये टेकऑफनंतर काही मिनिटांतच ऑटोपायलट लावला जातो. मग त्याच त्याच चुका होतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मोड, म्हणजे ऑटोपायलट कुठल्या पद्धतीनं चालतोय, ते न वाचणं. बटण दाबलं म्हणजे काम झालं असं नाही. विमान आत्ता काय करतंय ते समोरच्या स्क्रीनच्या वरच्या पट्टीत लिहिलेलं असतं. 14 फेब्रुवारी 1990 ला बंगळुरूला इंडियन एअरलाइन्सचं नवं कोरं ए-320 धावपट्टीच्या अलीकडे गोल्फ कोर्सवर आदळलं. 146 पैकी 92 जण गेले. विमान ओपन डिसेंट या उतरण्याच्या मोडमध्ये होतं, म्हणजे इंजिनं आयडलवर, कमीत कमी ताकदीवर. या मोडमध्ये वेग सांभाळायचा तो नाक खाली ठेवून. उंची धरायला नाक वर ओढलं की वेग घटणारच. दोनपैकी एक फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते स्क्रीनवर दाखवणारा) चालू राहिला, त्यामुळे ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनांची ताकद आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा, वेग धरायला आलाच नाही. 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना एअरलाइन्सच्या बोइंग 777 मध्येही वेग ऑटोथ्रॉटल (बोइंगचा ऑटोथ्रस्ट) सांभाळतोय याच समजुतीनं घात केला. मोड बदलला की मी त्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचतो आणि लगेच वेग बघतो. शेजारचा हसला तर हसू दे.

दुसरी, मान खाली घालून टाइप करत बसणं. हिवाळ्यातली स्वच्छ सकाळ होती, इंदूरची धावपट्टी लांबूनच दिसत होती. एटीसीनं, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणानं, जवळचा रस्ता दिला. को-पायलट हुशार, पण कॉम्प्युटरमध्ये नवा मार्ग भरत बसला. म्हटलं, "अरे, बाहेर बघ." "एक मिनिट सर, एवढं भरतो." तेवढ्यात विमान उंचच राहिलं, वेगही जास्त. हजार फुटांवर स्थिर नव्हतो, गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेलो. दुसऱ्या फेरीत त्याला ऑटोपायलट काढायला लावला, आणि पोरानं हातानं सुरेख उतरवलं. येत होतं की त्याला!

बाकीच्या थोडक्यात. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा इशारा वाजला की स्टिक (विमान वळवायचा दांडा) मागे ओढू नका, नाक खाली घ्या. 2009 मध्ये एअर फ्रान्स 447 च्या पिटो नळ्या (वेग मोजणाऱ्या) बर्फानं चोंदल्या, ऑटोपायलट सुटला, आणि स्टिक मागे ओढलेलीच राहिली. 228 जण गेले. सिम्युलेटरच्या परीक्षेत काय येणार ते आधीच विचारून जाऊ नका. लॉगबुकात एकूण तास मिरवण्यापेक्षा हातानं किती उडवलं ते बघा.

सराव करायचा तर कंपनीचे नियम बघून, कॅप्टनला ब्रीफिंगमध्येच विचारून, मोकळ्या आभाळात दहा हजार फुटांखाली करा. मुंबईच्या संध्याकाळच्या गर्दीत हा हट्ट नको. आणि परवानगी असेल तर ऑटोथ्रस्टही काढा; नुसता ऑटोपायलट काढून वेग मशीनवर सोडला तर अर्धाच सराव होतो.