सीमावादावर रूपक-लघुपट करताय? या चुका टाळा

बेळगाव सीमाप्रश्नावर लघुपट करायचा म्हटलं की बहुतेकांना पहिल्यांदा एकच गोष्ट सुचते: दोन भाऊ, मध्ये शेताचा बांध. इथेच रूपक फसतं. भावकीच्या भांडणात दोघेही जमिनीचे मालक असतात. सीमाप्रश्नात भांडतात दोन सरकारं, आणि ज्याच्या गावावरून भांडण चाललंय तो माणूस तिसराच. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत मुंबई राज्यातला हा भाग म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे गेला. १९६६मध्ये महाजन आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल महाराष्ट्राने फेटाळला, २००४मध्ये दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. या तिसऱ्या माणसाला रूपकात जागा नसेल, तर चित्रीकरण कितीही देखणं असो, गोष्ट खोटीच ठरते.

म्हणून प्रतिमा शोधण्याआधी वाद कसा चालतो ते चार ओळींत लिहून काढा. कोण ठरवतं, कोण वाट पाहतं, रोज कुणाचं काय अडतं? मग प्रतिमा आपोआप बदलते. समजा, एका चाळीतल्या म्हातारीची खोली एका रात्रीत शेजारच्या चाळीच्या रजिस्टरात गेली. खोली तीच, नळ तोच. पण नोटिसा आता तिला न वाचता येणाऱ्या लिपीत येतात. दोन्ही चाळींचे सेक्रेटरी वर्षातून एकदा तिच्या दाराशी येऊन ओरडून जातात. तिला कुणी काही विचारत नाही. आता यात बेळगावचं नावही घ्यावं लागत नाही.

दुसरी चूक, गाजलेल्या लघुपटाचा साचा उचलणं. नॉर्मन मॅक्लारेन यांच्या ‘नेबर्स’मध्ये (१९५२) दोन शेजारी एका फुलावरून एकमेकांचा जीव घेतात. तिथे दोघांची घरं सारखी, ताकदही सारखी, आणि दोघंही हिंसेत सारखेच पशू होतात हेच सांगायचंय. तुमच्या वादात एका बाजूला पोलीस आणि कचेरी असेल, तर हा समतोल दुबळ्या बाजूवर अन्याय करतो. ‘दोघांचंही चुकतं’ असं तुम्हाला खरंच म्हणायचंय का, हे आधी ठरवा.

रंगांची सांकेतिक भाषा तर टाळाच. एकाला भगवा फेटा आणि दुसऱ्याला लाल-पिवळा गमछा दिला की प्रेक्षक गोष्ट सोडून बाजू मोजायला लागतो.

कन्नड माणूस फक्त आरडाओरडा करताना दाखवणं ही मला सगळ्यात जास्त खुपणारी चूक. बेळगावात दोन्ही भाषा बोलणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात. चाळीतल्या म्हातारीला नोटीस वाचून दाखवणारी शेजारीण कन्नडच असू द्या. मग भांडण रजिस्टरशी आहे, शेजारणीशी नाही, हे एका दृश्यात कळतं. मराठी बाजू त्याने कमकुवत होत नाही, उलट तिची तक्रार जास्त ऐकू येते.

कच्चं संकलन झालं की वादाची काहीच माहिती नसलेल्या कुणाला तरी दाखवा. ‘अर्थ काय लागला?’ असं विचारू नका, ‘काय घडलं?’ असं विचारा. गोष्ट सरळ सांगता आली तर पाया पक्का. ‘ही बाई म्हणजे कोण?’ असा प्रश्न आला तर प्रतीक गोष्टीपेक्षा मोठ्याने बोलतंय. त्या पात्राला रोजचं एखादं काम द्या, संवाद वाढवू नका. शेवटी निवेदकाचा आवाज घालून अर्थ समजावण्याचा मोह होतो, तो तर आवराच. आणि सीमाभागातला माणूस ‘हे आमचं नाही’ म्हणाला, तर संकलनात दुरुस्ती शोधू नका. तिथे जाऊन बसा, लोकांच्या हातातले कागद पाहा, पटकथा पुन्हा लिहा.

हस्तांदोलनाचा शेवटही नको. सरकारांचं मिटलेलं नसताना पडद्यावर मिटवलं, तर तिथल्या माणसाची वाट पाहणं आपण पुसून टाकतो.

कन्नड उपशीर्षकं सुरुवातीच्याच खर्चात धरा, आणि ती दोन्ही भाषा जगणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. जाहीर खेळ लावायचा असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्रासाठी वेळ राखून ठेवा. पहिला खेळ मात्र पुण्या-मुंबईत लावण्याआधी बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत लावा.