"त्या कॉलेजला नॅक कितीचं आहे गं?" – अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजचं अ‍ॅक्रेडिटेशन कसं बघायचं

मागच्या उन्हाळ्यात आतेभावाचा नाशिकहून फोन आला. त्याच्या लेकीला बारावीनंतर इकडे कॅलिफोर्नियात, बे एरियात कम्युनिटी कॉलेजला पाठवायचं चाललेलं, दोन वर्षं इथे आणि मग युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर, एजंटने अख्खी फाईल बनवून दिलेली. आणि याचा पहिला प्रश्न, "त्या कॉलेजला नॅक कितीचं आहे गं, ए की ए प्लस प्लस?" मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात पार्ट टाइम अकाउंटिंग शिकवते, आमच्याकडे अ‍ॅक्रेडिटेशनची (म्हणजे मान्यतेची) टीम तपासायला येऊन गेली तेव्हा मीही त्या कागदांच्या ढिगात होते, म्हणून त्याला जे तासभर सांगितलं तेच इथे टाकतेय.

तर पहिली गोष्ट, इथे ग्रेड हा प्रकारच नाही. कॉलेज अ‍ॅक्रेडिटेड असतं किंवा नसतं, बास. म्हणजे स्टॅनफर्डला वेगळा आणि तुमच्या घराजवळच्या कॉलेजला वेगळा असा ए-बी-सी शिक्का मिळत नाही. आणि हे काम सरकार करत नाही. खाजगी, ना-नफा संस्था करतात, सरकारचं शिक्षण खातं फक्त त्या संस्थांना मान्यता देतं. १९६५ च्या कायद्याखाली मिळणारी फेडरल मदत अ‍ॅक्रेडिटेड कॉलेजलाच मिळते, म्हणून कॉलेजांचा जीव त्यात अडकलेला असतो. आता एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (एच-१बी वाल्यांचे घरचे) व्हिसावर असलेल्या आपल्या लोकांना ती मदत तशीही मिळत नाही, मग आपल्याला काय फरक पडतो? पडतो, कारण अ‍ॅक्रेडिटेशन नसेल तर तिथलं क्रेडिट, म्हणजे तिथे पास केलेले विषय, पुढची युनिव्हर्सिटी सहसा धरत नाही आणि दोन वर्षं गेली वाया.

कुठल्या भागात मान्यता देणारी संस्था कोण, हे डोक्यात असलं की अर्धं काम होतं. कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे डी अँझा, फूटहिल, ओलोनी, मिशन वगैरे, एसीसीजेसीकडे. न्यू जर्सीत एडिसनचं मिडलसेक्स हे मिडल स्टेट्सकडे. शिकागोजवळचं कॉलेज ऑफ ड्यूपेज हायर लर्निंग कमिशनकडे, डॅलसजवळचं कॉलिन कॉलेज सॅक्सकॉककडे. पूर्वी या संस्थांना 'रीजनल', म्हणजे ठरावीक भागापुरत्या, म्हणायचे, जुलै २०२० पासून सरकारी नियमात रीजनल-नॅशनल हा भेदच काढून टाकला, पण ट्रान्सफर ऑफिसातली माणसं अजून तोच शब्द वापरतात आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्या क्रेडिट घेताना बघतातही तेच. त्यामुळे कॉलेजच्या साईटवर नुसता 'अ‍ॅक्रेडिटेड' लिहिलेला गोल सोनेरी लोगो बघून खूश होऊ नका, कोणी केलंय ते वाचा. पैसे घेऊन सर्टिफिकेट छापून देणाऱ्या संस्थासुद्धा आहेत आणि त्यांची नावं ऐकायला खऱ्यांपेक्षा भारदस्त असतात.

तपासायला शिक्षण खात्याचा एक फुकट डेटाबेस आहे, डॅपिप नावाचा. त्यात कॉलेजचं पूर्ण नाव टाका (शहर पण बघा, एकाच नावाची कॉलेजं दोन-तीन राज्यांत सापडतात), मग संस्था कोण, कधीपासून, सध्याचं स्टेटस काय, हे सगळं दिसतं. तिथून नाव घेऊन त्या संस्थेच्या साईटवर जा, तिथे बहुतेक वेळा कॉलेजच्या नावापुढे शेवटचं अ‍ॅक्शन लेटर, म्हणजे निर्णयाचं पत्र, लावलेलं असतं. खरा माल त्या पत्रात असतो, आणि गंमत म्हणजे तेच कोणी उघडत नाही.

ते पत्र कळायला आधी आत काय चालतं ते थोडं माहीत हवं. एसीसीजेसीचं चक्र ७ वर्षांचं, मिडल स्टेट्सचं ८, हायर लर्निंग आणि सॅक्सकॉकचं १०. आमच्याकडे रिव्ह्यूच्या दीड-दोन वर्षं आधीपासून कॉलेज स्वतःच स्वतःवर एक जाडजूड रिपोर्ट लिहायला घेतं, त्याला सगळे 'आयसर' म्हणतात. प्रत्येक वाक्याला पुरावा लागतो. म्हणजे 'आम्ही बजेट सगळ्यांशी चर्चा करून ठरवतो' असं लिहिलं तर त्या मीटिंगचे मिनिट्स जोडा. मग दुसऱ्या कॉलेजातल्या प्राध्यापक-डीन-अकाउंट्सवाल्यांची टीम, जी हे काम पगार न घेता करते, आधी तो रिपोर्ट घरी बसून वाचते, कुठे शंका आहे त्याची यादी पाठवते, आणि पुढच्या सेमिस्टरला त्या यादीपुरती भेट द्यायला येते. ऑनलाइन कोर्सचे काही नमुनेही उघडून बघतात, मास्तर मुलांशी खरंच बोलतो का नुसत्या पीडीएफ टाकून गायब होतो ते. माझा एक सेक्शन त्या नमुन्यात निघाला. आदल्या रात्री जाऊन बघितलं तर डिस्कशन बोर्डवर मी ओळीने पस्तीस मुलांना 'गुड पोस्ट' लिहून ठेवलेलं, घामच फुटला. पण तेव्हापासून दोन ओळी तरी नीट लिहायला लागले, हे खरं.

भेटीत एक ओपन फोरमही असतो, कोणीही येऊन बोलू शकतं, विद्यार्थीसुद्धा. आमच्याकडे एक मुलगी नर्सिंगच्या युनिफॉर्ममध्येच आली आणि म्हणाली, लायब्ररी सातला बंद होते, माझी शिफ्ट साडेसहाला संपते. सगळे डीन एकदम वहीत बघायला लागले.

टीम निर्णय देत नाही, फक्त शिफारस करते. निर्णय एसीसीजेसीच्या कमिशनचा, ते जानेवारी आणि जूनमध्ये बसतं, आणि मग ते पत्र येतं. पत्रात दोन जातीच्या शिफारसी असतात. एक 'सुधारणेसाठी', ती जवळजवळ प्रत्येकालाच असते, तिला घाबरायचं कारण नाही. दुसरी 'स्टँडर्ड पूर्ण करण्यासाठी', म्हणजे कॉलेज तिथे कमी पडलंय आणि ठरलेल्या मुदतीत नीट करायचंय, ती मात्र थांबून वाचा, कशाबद्दल आहे, पैशाबद्दल की शिकवण्याबद्दल. त्यापुढच्या पायऱ्या म्हणजे वॉर्निंग, मग प्रोबेशन, मग शो कॉज, म्हणजे 'मान्यता का काढू नये ते सांगा'. पण या तिन्हीत कॉलेज अ‍ॅक्रेडिटेडच असतं! तुम्ही घेतलेलं क्रेडिट तितकंच चालतं.

सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोचं प्रकरण इथले जुने लोक अजून सांगतात. सुमारे ८५ हजार विद्यार्थ्यांचं कॉलेज, जुलै २०१२ ला थेट शो कॉजवर, तेही मुख्यतः पैसे आणि कारभार यावरून. जुलै २०१३ ला कमिशनने मान्यता काढायचं ठरवलं, शहराच्या वकिलाने कोर्टात खेचलं, जानेवारी २०१४ ला कोर्टाने रोखलं, आणि जानेवारी २०१७ ला पूर्ण ७ वर्षांची मान्यता परत. मधल्या काळात मान्यता एक दिवसही गेली नव्हती, तरी हजारो मुलं बातम्या वाचूनच सोडून गेली. उलट कॉम्प्टन कॉलेजची २००६ मध्ये खरोखरच गेली. तिथे एल कॅमिनो कॉलेजने त्यांना आपलं सेंटर म्हणून पंखाखाली घेतलं, क्रेडिट एल कॅमिनोच्या नावाने मिळत राहिलं, स्वतःची मान्यता परत यायला २०१७ उजाडलं.

आता लोक हमखास फसतात ती जागा. कॉलेज अ‍ॅक्रेडिटेड आहे म्हणजे कोर्स लायसन्सला चालतो असं नाही. नर्सिंग करायचं तर कॅलिफोर्नियात नर्सिंग बोर्डाची मंजुरी बघा, एसेन या नर्सिंगच्या संस्थेचं प्रोग्राम अ‍ॅक्रेडिटेशन वेगळं, ते नसलेली चांगली कॉलेजंही आहेत. डेंटल हायजीनला कोडा या दंतशिक्षणाच्या संस्थेचं लागतं. ट्रान्सफरचंही तसंच, कुठला विषय कुठे धरतात ते कॅलिफोर्नियासाठी असिस्ट डॉट ऑर्गवर विषयागणिक दिसतं, प्रवेश घ्यायच्या आधी बघा, नंतर नाही. आणि आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कागद, तो देण्याची परवानगी हा तर पूर्ण तिसराच कागद. प्लेझंटनच्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीकडे तो होता, अ‍ॅक्रेडिटेशन नव्हतं, २०११ मध्ये धाड पडली आणि आपल्या देशातल्या काही पोरांच्या पायात, कुठे जातात ते कळावं म्हणून, रेडिओ पट्टे अडकवले गेले. एजंट 'आय-२० मिळतं ना, मग झालं' म्हणाला की हे आठवा.

भावाच्या लेकीचं कॉलेज आम्ही फोनवरच दोघांनी मिळून बघितलं. मान्यता शाबूत, सुधारणेच्या दोन शिफारसी, 'पूर्ण करण्यासाठी' वाली एकही नाही. एजंटच्या फाईलवर मात्र पहिल्याच पानावर ठळक अक्षरात 'ए प्लस अ‍ॅक्रेडिटेड'. मी म्हटलं, आधी त्याला विचार हे प्लस कुठून आणलं. तर भाऊ म्हणतो, "ते विचारतो, पण मग ए प्लस प्लस कोणाला आहे?"