परत फिरायची वेळ आधी ठरवा
गटाने डोंगरवाटेला जाताना निघायची वेळ सगळे ठरवतात, परत फिरायची कुणीच नाही. तीच आधी ठरवा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांचा १८९२ सालचा हिशेब आजही कामाला येतो: ५ किलोमीटरला १ तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. हा सराव असलेल्यांचा वेग झाला. गट मोठा असेल तर मी दीडपट वेळ धरते. हिवाळ्यात सूर्यास्तापासून उलटं मोजा, उन्हाळ्यात दुपारच्या उन्हापासून. पावसाळ्यात सकाळी सहज ओलांडलेला ओढा परतताना फुगलेला असू शकतो. आणि सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. तो मागे राहिला, की तो थांब्यावर पोहोचेपर्यंत बाकीचे उठलेले असतात. ज्याला विश्रांती सर्वांत जास्त हवी, त्यालाच ती मिळत नाही.