पावसाळी फुलबाग : फुलांइतकीच पानेही महत्त्वाची

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला की परसात झेंडू, झिनिया आणि कॉसमॉस यांचे बी पातळ पेरावे. तीन-चार आठवड्यांची रोपे सायंकाळी साधारण 30 सेंमी अंतरावर लावावीत आणि झेंडू रुजल्यावर त्याचा शेंडा खुडावा. वाण शक्यतो एकेरी पाकळ्यांचे घ्यावेत, कारण गच्च भरलेल्या दुहेरी फुलांत मधल्या बारीक नळीदार फुलांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि मधमाशीच्या हाती फारसे काही लागत नाही. बांधावरचा तेरडा व कुर्डू तण म्हणून सरसकट उपटू नये. शिंजिरांसाठी, म्हणजे मकरंद पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांसाठी, एखादी साधी तांबडी जास्वंद अवश्य लावावी. घाणेरीवर फुलपाखरे येतात हे खरे, परंतु ती रानात पसरून स्थानिक झाडोरा दाबून टाकते, म्हणून ती लावू नये.

फुलपाखरू फुलावर मकरंदापुरते थांबते. अंडी घालण्यासाठी त्याला ठरावीक झाडाचेच पान लागते, आणि बहुतेक बागांत नेमके हेच झाड नसते. 2015 मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेली राणी पाकोळी लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते. रुईवर प्लेन टायगरच्या, तर कण्हेरीवर कॉमन क्रोच्या अळ्या वाढतात. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा तपकिरी-पांढरा ठिपका दिसला, तर तो झटकण्यापूर्वी नीट पाहावा. ती बहुधा लाइम किंवा कॉमन मॉर्मन फुलपाखराची लहान अळी असते; पुढे ती हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाचे दुबेळके शिंग बाहेर काढते. ती चावत नाही. तिने झाड बोडके केले, तरी निरोगी कढीपत्ता पुन्हा फुटतो. स्वयंपाकासाठी दुसरी कुंडी वेगळी ठेवणे उत्तम.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसल्यास आधी ओल्या फडक्याने पुसून काढावेत, आणि तेवढ्याने न भागल्यास 5 टक्के निंबोळी अर्क केवळ त्याच फांद्यांवर सायंकाळी फवारावा. अळ्या असलेल्या झाडांवर मात्र निंबोळी अर्कही नको, कारण तो या अळ्यांनाही मारतो. जमिनीत बिळे करणाऱ्या एकट्या मधमाश्यांसाठी कुंपणालगत हातभर जागा आच्छादनाविना मोकळी सोडावी. रुईचा चीक डोळ्यांना घातक असतो आणि कण्हेर सर्वांगी विषारी आहे. म्हणून ही दोन्ही झाडे लहान मुलांच्या व गुरांच्या वाटेपासून दूर लावावीत, आणि छाटणीनंतर हात साबणाने धुवावेत.