अँटिबायोटिक लिहून दिलंय? मेडिकलवरून निघायच्या आधी एवढं बघून घ्या

मी फार्मासिस्ट आहे, दिवसभर काउंटरवरच असतो, आणि लोक सगळ्यात जास्त काय विचारतात तर "किती झाले" आणि "याने अ‍ॅसिडिटी होईल का". गोळी कधी घ्यायची, कशासोबत घ्यायची नाही, किती दिवस घ्यायची हे विचारणारे फार कमी, आणि घोळ नेमका तिथेच होतो. गोळी बरोबरच असते हो, तिच्या आगेमागे जे पोटात जातं ते चुकतं.

आधी चिठ्ठी वाचायची. १-०-१ म्हणजे सकाळ-रात्र, १-१-१ म्हणजे तीनदा, डॉक्टरांनी बीडी किंवा टीडीएस लिहिलं असेल तरी अर्थ तोच. पण तीनदा म्हणजे नाश्ता, जेवण आणि लगेच चारचा चहा असं नव्हे, साधारण ८-८ तासांचं अंतर पडलं पाहिजे, सकाळी ७, दुपारी ३, रात्री ११ असं बसवा, थोडं मागेपुढे झालं तरी चालतं.

मग स्ट्रिप हातात घेऊन बघा. अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवर बऱ्याचदा एक उभी लाल रेघ असते, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका हे सांगायला असते, डिझाइन म्हणून नाही. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन अशी बरीच औषधं शेड्यूल एच१ मध्ये (सरकारच्या जास्त कडक नियमांच्या यादीत) आहेत, २०१४ पासून त्यांची नोंद आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटच्या आणि डॉक्टरांच्या नावासकट ठेवावी लागते, त्यामुळे चिठ्ठी मागितली की चिडू नका. आणि स्ट्रिप कापून दिली असेल तर नाव आणि एक्स्पायरी दुसऱ्याच तुकड्यावर राहते, तेव्हा कापायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून घ्या, कोणी नाही म्हणत नाही.

आता "६२५ ची गोळी", जी जवळपास प्रत्येक घरात कधी ना कधी येऊन गेलेली असते. हे अमॉक्सिसिलिन ५०० आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड १२५ असं मिळून ६२५ होतं. ३७५ च्या गोळीत अमॉक्सिसिलिन २५० असतं पण क्लॅव्ह्युलॅनिक मात्र तेवढंच, १२५. त्यामुळे ६२५ संपली म्हणून ३७५ च्या दोन घेतल्या तर हिशोब जुळत नाही, क्लॅव्ह्युलॅनिक दुप्पट जातं आणि लूज मोशन व्हायला तेच जास्त कारण असतं. ही गोळी जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर घेतली तर पोटाला त्रास कमी होतो. उपाशीपोटी घेऊन वर "मला अँटिबायोटिक सोसतच नाही" म्हणणारे रोज भेटतात.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि डॉक्सिसायक्लिन यांचं वेगळंच. कॅल्शियम, लोह, झिंक आणि अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध यांच्यासोबत घेतलं की गोळी त्यांनाच चिकटून बसते आणि रक्तात कमी उतरते. गंमत म्हणजे चिठ्ठीत अँटिबायोटिकच्या खालीच बऱ्याचदा मल्टिव्हिटॅमिन लिहिलेली असते, त्यात झिंक असतं, आणि लोक दोन्ही एकाच घोटात गिळतात. मल्टिव्हिटॅमिन दुपारी जेवणानंतर घ्या, अँटिबायोटिक सकाळ-रात्र, विषय संपला. सिप्रो नुसत्या दुधाबरोबर किंवा ताकाबरोबरही नको. आधीपासून लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर (गरोदरपणात तर असतेच, पण तेव्हा ही औषधं शक्यतो देतच नाहीत, म्हणून गरोदर आहात हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा) किती तासांचं अंतर ठेवायचं ते विचारून घ्या.

पावसाळ्यात मुंबई-ठाण्याकडे आणि कोकणात डॉक्सिसायक्लिन खूप लिहून दिली जाते, साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) भीती असते म्हणून. ही कॅप्सूल घशाखाली अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते, छातीत अशी जळजळ होते की माणूस घाबरतो. त्यामुळे एका घोटावर नाही, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची, बसून किंवा उभं राहून, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोपताना उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून घ्यायची सवय असेल तर या गोळीपुरती मोडा. आणखी एक, ही चालू असताना ऊन लवकर लागतं.

लहान मुलांचं ड्राय सिरप हा सगळ्यात मोठा गोंधळ. आधी बाटली टिचकी मारून हलवा म्हणजे तळाशी बसलेली पावडर सुटते, मग उकळून पूर्ण गार केलेलं पाणी (बॉक्समध्ये पाण्याची छोटी बाटली असेल तर तेच) खुणेच्या थोडं खाली घाला, झाकण लावून जोरात हलवा, फेस खाली बसू द्या आणि मगच खुणेपर्यंत भरा. घाईत एकदम खुणेपर्यंत ओतलं की पावडर भिजल्यावर पातळी खाली जाते आणि औषध घट्ट होतं. लेबलवर तारीख लिहा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकचं सिरप फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, आणि ७ दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं. प्रत्येक सिरप फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं, लेबल वाचा. डोस द्यायच्या आधी दरवेळी हलवायचं, आणि मोजायला घरातला चमचा नको, सोबत येतं ते माप किंवा सिरिंज घ्या. सगळ्यात महत्त्वाचं, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकच्या सिरपमध्ये ५ मिलीला २२८.५ आणि ४५७ मिलीग्रॅम अशा दोन ताकदी असतात, मागच्या वेळचा "एक झाकण" आठवून यावेळच्या दुसऱ्या बाटलीतून दिलं तर डोस दुप्पट नाहीतर अर्धा.

मेट्रोनिडॅझोल असेल तर दारू बंद, संपल्यावरही निदान ३ दिवस. तोंडाला लोखंडासारखी चव येते, लघवी कधी कधी गडद होते, त्याने घाबरू नका. रक्त पातळ करायची गोळी, मेथोट्रेक्सेट (सांधेवाताला वगैरे देतात ती), शुगरच्या गोळ्या, किडनीचा त्रास, यातलं काही असेल तर न विचारता सांगायचं, डॉक्टरांना सगळं लक्षात असतं असं धरून चालू नका.

डोस विसरला तर आठवेल तेव्हा घ्या, पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. दोनदा-तीनदा पातळ संडास झाली तर ओआरएस घेत राहा आणि डॉक्टरांना फोन करा. पाण्यासारखी वारंवार होत असेल किंवा रक्त दिसलं तर थेट जा, कोर्स संपून काही आठवडे झाले असले तरी. अंगावर पित्त उठलं तर पुढची गोळी घ्यायच्या आधी विचारा. ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, चक्कर आली तर १०८, वाट बघत बसायचं नाही. सिप्रो किंवा लिव्हो चालू असताना टाचेच्या मागची शीर दुखायला लागली तर गोळी थांबवून लगेच फोन.

बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी स्वतःच बंद करू नका, पण डॉक्टरांनी ५ दिवस सांगितलेत तर ७ दिवसही घेऊ नका. तरी उरल्याच तर डब्यात जपून ठेवायच्या नाहीत, पुढच्या सर्दीला त्यांचा शून्य उपयोग, सर्दी व्हायरसची असते. दोन-तीन दिवसांत ताप जरासुद्धा हलला नाही तर गोळी मनाने बदलायची नाही, परत डॉक्टरकडे जायचं, आणि जाताना चिठ्ठी आणि स्ट्रिप दोन्ही न्या, कारण "ती पांढरी लांबडी गोळी" यावरून कोणालाच काही कळत नाही, माझ्या मागच्या कपाटातल्या अर्ध्या गोळ्या पांढऱ्या लांबड्याच आहेत.