काळोख दिसला पाहिजे: भयपट आणि मारधाडपट डिस्कवर घेताना, लावताना

घरगुती गोष्टीचा चित्रपट कुठेही, कसाही बघितला तरी फार बिघडत नाही. खोलीत भरपूर उजेड असतो, माणसं बसून बोलत असतात, कॅमेरा जागचा हलत नाही. भयपटाचा सगळा जीव काळोखात असतो, मारधाडपटाचा हालचालीत आणि आवाजात. आणि स्वस्तातली प्रत, ओटीटीचं कॉम्प्रेशन आणि टीव्हीच्या कारखान्यातल्या सेटिंग्ज पहिला घाला नेमका याच तीन गोष्टींवर घालतात.

ओटीटीवर एचडी चित्राला साधारण ५ ते ८ मेगाबिट प्रतिसेकंद (सेकंदाला किती माहिती येते त्याचं माप) मिळतात, फोर-केला १५ ते २५. ब्लू-रेवर नुसत्या चित्राला ४० पर्यंत मुभा आहे आणि बहुतेक चांगल्या डिस्क २० ते ३५मध्ये चालतात. जागा वाचवायची वेळ आली की चित्र दाबून लहान करणारा एन्कोडर पहिल्यांदा अंधारातली माहिती टाकून देतो, कारण तिथे कुणाचं लक्ष जाणार नाही असं त्याने धरलेलं असतं. मग कंदिलाभोवती उजेड हळूहळू विरण्याऐवजी गोल गोल कडी दिसतात आणि तळघराच्या भिंतीवर चौकोन वळवळायला लागतात. भूत यायच्या आधी चौकोन येतात.

म्हणून डिस्क. पण डिस्क म्हटली की झालं असंही नाही. एकाच चित्रपटाच्या पाच आवृत्त्या असतात आणि त्यातल्या तीन घेण्यासारख्या नसतात.

आवृत्ती कशी पारखायची

सुरुवात लांबीपासून करा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, भारत-युरोपातल्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीची डीव्हीडी २५ने. त्यामुळे पाल डिस्कवर तोच चित्रपट ४ टक्के लवकर संपतो आणि सगळ्यांचे आवाज हार्मोनियमच्या जवळपास पाऊण पट्टीने वर चढतात. हिशोब सोपा आहे: मूळ लांबीला ०.९६ने गुणा. ९८ मिनिटांचा चित्रपट पालवर ९४ मिनिटं ५ सेकंदांचा व्हायला हवा. डिस्कवर ९४ लिहिलंय म्हणून चार मिनिटं कापली असं समजून ती परत ठेवू नका. ९१ लिहिलं असेल तर मात्र तीन मिनिटं खरंच गेलीत, आणि भयपटात तीन मिनिटं कशाची गेली असतील हे सांगायला नको. ब्लू-रे २४ चौकटींनीच चालत असेल तर हा गुणाकार करायचा नाही.

उलटा प्रकारही असतो. पाल डिस्क आहे आणि लांबी मात्र पूर्ण ९८ मिनिटं. अशी डिस्क बहुधा एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीच्या प्रतीवरून जशीच्या तशी फिरवलेली असते. खात्री करायची तर हाणामारीचा प्रसंग लावा, पॉज करा आणि एकेक चौकट पुढे न्या. ठोसा मारणाऱ्याला अर्धवट पारदर्शक असा दुसरा हात दिसला की ओळखा: दोन चौकटी एकमेकींवर सारवल्यात. चालू चित्रात हे नुसतं धूसर वाटतं आणि आपण उगाच टीव्हीला दोष देतो. भारतात निघालेल्या बऱ्याच हिंदी डीव्हीडी एनटीएससीमध्ये आहेत आणि त्यातल्या काही पाल मास्टरवरून उतरवलेल्या, म्हणजे हाच रोग उलट दिशेने.

कात्रीचा दुसरा अंदाज देशावरून लागतो. ब्रिटनमध्ये १९८४च्या कायद्याने घरी बघायला विकल्या जाणाऱ्या व्हिडिओला प्रमाणपत्र सक्तीचं झालं आणि त्या काळातले कितीतरी भयपट कापूनच निघाले. पुढे त्यातले बरेच अखंड मंजूर झाले. म्हणजे ब्रिटिश डिस्क वाईट नाही, जुनी ब्रिटिश डिस्क संशयास्पद. भारतात निघालेल्या परदेशी चित्रपटांच्या डिस्कवर बहुधा आपल्या सेन्सॉरने संमत केलेलीच प्रत असते, तेव्हा मिनिटं मोजल्याशिवाय घेऊ नका.

मग चित्राचा आकार. उंचीच्या २.३५ पट रुंदीचा चित्रपट जुन्या चौकोनी टीव्हीसाठी ४:३मध्ये कापला की ४३ टक्के चित्र जातं. दोघांची मारामारी असेल तर एकटाच हवेत हात फिरवताना दिसतो. पण 'काळ्या पट्ट्या असल्या की अस्सल' हा नियमही खरा नाही. ‘ईव्हिल डेड’ (१९८१) सोळा मिलिमीटरवर, जवळपास चौकोनी चौकटीत चित्रित झालाय. त्याच्या काही आवृत्त्यांत रुंद टीव्ही भरावा म्हणून वरचं-खालचं कापलंय. तिथे बाजूला काळे पट्टे असलेली प्रत हीच पुरी प्रत.

कण, म्हणजे ग्रेन, हा दोष नाही. फिल्मचा पोतच तो. कण पुसायला लावलेलं नॉइज रिडक्शन कणांबरोबर कातडीचा पोत, घाम आणि भिंतीचा गिलावाही पुसून नेतं. ‘प्रिडेटर’ची (१९८७) २०१०मधली नवी ब्लू-रे याचं कुप्रसिद्ध उदाहरण: जंगलात घामाने निथळणारे रांगडे गडी मेणाच्या बाहुल्यांसारखे दिसतात, आणि आधीची खरबरीत डिस्क तिच्यापेक्षा बरी वाटते. नवी आवृत्ती म्हणजे सुधारित आवृत्ती हे डोक्यातून काढूनच टाका. परीक्षण वाचताना कपाळाचा क्लोजअप शोधा. रंध्रं दिसत नसतील तर पैसे वाचवा.

आवाजाचंही तेच. सत्तर-ऐंशीतले कितीतरी कमी खर्चातले भयपट मोनो, म्हणजे एकाच वाहिनीतल्या आवाजाचे, होते. डिस्कवर ५.१ (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा सबवूफर) छापता यावं म्हणून नव्या मिश्रणात बंदुकीचे आणि दाराचे आवाज बदलले जातात. ‘टर्मिनेटर’च्या (१९८४) ५.१ मिश्रणात गोळीबाराचे आवाजच वेगळे आहेत, आणि मूळ मोनो ऐकलेल्याला ते पहिल्या फैरीतच खटकतं. डबीच्या पाठीमागच्या मजकुरात ‘मूळ मोनो’ असेल तर ती आवृत्ती घ्या, दोन रुपये जास्त गेले तरी.

हे सगळं जपणाऱ्या कंपन्या थोड्या आहेत. ब्रिटनमध्ये ॲरो आणि युरेका, अमेरिकेत शाउट स्टुडिओज (पूर्वीचं शाउट फॅक्टरी), व्हिनेगर सिंड्रोम, सेव्हरिन. गंमत अशी की मुंबईच्या रामसे बंधूंचे सहा भयपट नीट डिस्कवर बघायचे तरी ते बाहेरूनच मागवावे लागतात. मोंडो मकाब्रो या कंपनीने ते आधी तीन डीव्हीडी संचांत दोन-दोन करून काढले, नंतर ब्लू-रेवर. आपल्याकडच्या व्हीसीडी-डीव्हीडींवर चित्राच्या कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह कायमचं चिकटलेलं असतं. चेटकिणीच्या केसांवर शिक्का मारल्यासारखं ते दिसतं आणि ते काढायचा उपाय नाही.

प्रदेशाचं कुलूप

डीव्हीडीत भारत प्रदेश ५मध्ये, अमेरिका १, ब्रिटन आणि जपान २. ब्लू-रेत भारत ‘सी’, अमेरिका आणि जपान ‘ए’, युरोप आणि ऑस्ट्रेलिया ‘बी’. डीव्हीडीचं कुलूप बऱ्याच प्लेअरांत रिमोटवरच्या एका क्रमाने उघडतं, ब्लू-रेचं सहसा उघडत नाही. त्यासाठी मल्टी-रीजन म्हणून विकलेला प्लेअरच लागतो. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला मात्र प्रदेशच नाही. म्हणून भारतातून मागवणाऱ्याला शक्य असेल तिथे फोर-के आवृत्ती घेणं सोयीचं. फक्त एक मेख आहे: त्याच डबीतल्या दुसऱ्या, साध्या ब्लू-रेला कुलूप असू शकतं आणि मुलाखती वगैरे नेमक्या तिच्यावर असतात.

अमेरिकेतून कुणी प्लेअर आणत असेल तर मागचं लेबल वाचायला सांगा. नुसतं ‘१२० व्ही’ लिहिलेलं यंत्र आपल्या २३०च्या सॉकेटात लावलं तर पहिला धूर पडद्यावर निघणार नाही.

टीव्हीत आधी काय बंद करायचं

हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग पहिली बंद. एलजीत तिचं नाव ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी (जुन्या सेटवर ऑटो मोशन प्लस), सोनीत मोशनफ्लो. टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनाने चौकटी भरतो, म्हणून चित्रपट मालिकेसारखा दिसायला लागतो, आणि झटापटीत हाताच्या कडेने पाण्यासारखं काहीतरी वाहतं. कधीकधी तलवारीचं टोकच गायब होतं, कारण दोन चौकटींत ते इतकं लांब गेलेलं असतं की टीव्हीला जोडी जुळवता येत नाही. फिल्ममेकर मोड असेल तर तो निवडा, यातलं बरंचसं आपोआप बंद होतं. प्लेअरमध्ये २४पी (सेकंदाला २४ चौकटी) आउटपुट चालू ठेवा.

त्यानंतर डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, नॉइज रिडक्शन आणि इको किंवा उजेडानुसार बदलणारी प्रकाशयोजना बंद. शार्पनेस खाली आणा. बऱ्याच सेटवर शून्य म्हणजे काहीच न करणं, सोनीच्या सेटवर ते साधारण ५०ला असतं. अक्षरांभोवती पांढरी कड दिसेनाशी झाली की थांबा.

आता काळा रंग. याला दहा मिनिटं द्या, कारण इथे चुकलं तर पुढचं सगळं फुकट. ० ते २५५च्या मापात व्हिडिओतल्या काळ्याची पातळी १६ आणि पांढऱ्याची २३५. प्लेअर १६पासून पाठवतोय आणि टीव्ही शून्यापासून धरतोय, तर सगळं राखाडी, धुक्यातलं दिसतं. उलट झालं तर १६च्या आसपासचं सगळं एकाच डांबरात जातं आणि कोपऱ्यात उभी असलेली बाई दिसतच नाही. प्लेअरचं आउटपुट वायसीबीसीआरवर (YCbCr) ठेवलं की हा घोळ सहसा मिटतो. गेमिंग कन्सोलवर आरजीबी रेंज ‘लिमिटेड’ करा.

मग एव्हीएस एचडी ७०९ नावाचे मोफत चाचणी-नमुने उतरवून पेनड्राइव्हने त्याच प्लेअरमधून लावा. खोलीतले दिवे घालवा, डोळ्यांना पाच मिनिटं द्या. काळ्याच्या नमुन्यात उभ्या पट्ट्या लुकलुकतात. ब्लॅक लेव्हल (काही सेटवर तिलाच ब्राइटनेस म्हणतात) इतकी ठेवा की १६ आणि त्याखालच्या पट्ट्या दिसत नाहीत, १८ची जेमतेम दिसते. १७ दिसली तर उत्तम, नाही दिसली तर झगडत बसू नका. नमुन्यांचा कंटाळा असेल तर जुन्या डीव्हीडींवर टीएचएक्स ऑप्टिमायझर असतो, त्यातही हीच चाचणी आहे.

बघताना खोली पूर्ण काळी केली तर डोळे दुखतात आणि एलसीडीचा काळाही राखाडी वाटतो. टीव्हीच्या पाठीमागे भिंतीवर ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, मंद दिवा लावा. पिवळा नको, त्याने रक्त विटकरी दिसतं.

कुजबुज ऐकू येत नाही, स्फोटाने शेजारी उठतात

तक्रार सार्वत्रिक आहे आणि कारण बहुतेकदा साधं: ५.१चा ट्रॅक दोन स्पीकरवर चाललाय. संवाद मधल्या वाहिनीत असतात. ती डाव्या-उजव्यात वाटली की दबते. डिस्कवर २.० (दोन स्पीकरांचा) ट्रॅक असेल तर तो निवडा. पाच स्पीकर असतील तर मधला २-३ डेसिबल वर घ्या. नाइट मोड शेवटचा उपाय, कारण तो धक्क्यालाच चपटा करतो, आणि भयपटात धक्का म्हणजे शांततेनंतरचा फरक.

साउंडबार ऑप्टिकल वायरने जोडला असेल तर ब्लू-रेवरचा लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेला, आवाज त्यातून जातच नाही, डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसचा गाभाच जातो. त्यासाठी ई-आर्क हे एचडीएमआय कनेक्शन लागतं. अर्थात दोन हजारांच्या साउंडबारवर हा फरक शोधत बसण्यात काही अर्थ नाही.

सबवूफरची सीमा (जिच्याखालचा खर्ज त्याच्याकडे जातो) ८० हर्ट्झ ठेवा. जागा ठरवायची युक्ती जुनी आहे: सब सोफ्यावर, जिथे तुम्ही बसता तिथे ठेवा, एखादा घुमणारा प्रसंग लावा आणि गुडघ्यांवर भिंतीकडेने फिरा. जिथे आवाज घट्ट आणि स्पष्ट लागेल तिथे सब. कोपऱ्यात तो सर्वांत मोठा वाजतो, पण गढूळ होतो. फ्लॅटमध्ये खाली जाड रबर घाला आणि ३-४ डेसिबल कमी करा. पूर्ण बंद केलात तर पावलांचे आवाजही जातील.

जुन्या डिस्क

रद्दीत आणि बंद पडलेल्या लायब्रऱ्यांच्या ढिगात अजून माल मिळतो. डिस्क उजेडासमोर धरून बघा. सुईच्या टोकाएवढी छिद्रं किंवा कडेने कॉफीसारखा डाग दिसला तर आतला थरच गेलाय, पुसून काही होणार नाही. खालची बाजू जांभळी असेल तर ती घरी जाळलेली डिस्क, मूळ नाही.

पुसायचं ते मधून कडेकडे सरळ रेषेत, गोल कधीच नाही. गोल ओरखडा एकाच ट्रॅकवर लांबवर पसरतो, आडव्या ओरखड्याला दुरुस्तीची यंत्रणा सांभाळून घेते. शुद्ध पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मायक्रोफायबरचं कापड, मग नुसतं पाणी. नेलपॉलिश रिमूव्हर नको, पॉलिकार्बोनेट पांढरं पडतं.

ओरखडा घासून काढायचा टूथपेस्टचा प्रयोग व्हीसीडी आणि डीव्हीडीवर चालून जातो, कारण व्हीसीडीचा डेटा सव्वा मिलिमीटर खोल, थेट छापील बाजूखाली असतो आणि डीव्हीडीचा ०.६ मिलिमीटरवर. म्हणून व्हीसीडीला छापील बाजूचा ओरखडा जास्त मारक. ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर, कडक थराखाली आहे. तिथे घासलंत की आधी तो थर जातो, मग चित्र.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याआधी मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून डिस्क काढून कडक डब्यांत उभ्या ठेवा. ते पाकीट दमट हवेत डिस्कला चिकटतं आणि सोलून काढताना धुक्यासारखा थर मागे राहतो. व्हीएचएस कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती मशीनमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.