खिळा वर आलाय, शर्ट बाहेर आलाय: जपानीत कोणते क्रियापद घ्यावे?

मराठीत फळीतला खिळा वर येतो, दात पुढे येतात, शर्ट पॅन्टबाहेर येतो. एका 'येणे'वर सगळे भागते. जपानीत असे भागवून नेणारे क्रियापद म्हणजे 'देरु'. काही सुचले नाही तर तेच वापरा, फारसे चुकणार नाही. नेमकेपणा हवा असेल तर पुढच्या क्रमाने जा.

१. आधी रूप ठरवा. वस्तू बाहेर आलेल्या अवस्थेत आहे, तर 'ते इरु' लावा: 'कुगि गा देते इरु', खिळा वर आलाय ('गा' ही कर्त्याची खूण). मराठीतले 'आलाय' इथे चपखल बसते. इंग्रजीमार्गे शिकलेले लोक याचा अर्थ 'वर येत आहे' असा लावतात आणि घोळ होतो.

२. हद्द ओलांडली आहे का? मग 'हामिदासु' किंवा 'हामिदेरु'. पार्किंगच्या रेषेबाहेर उभी गाडी, रंगवताना रेघेबाहेर गेलेला रंग, पावातून डोकावणारी भाजी: वस्तू जिथे मावायला हवी तिथे मावलेली नाही. हद्दीला 'कारा' (आपला '-तून') लागतो: 'शात्सु गा झुबोन कारा हामिदेते इरु', शर्ट पॅन्टबाहेर आलाय.

३. हद्द नसेल, तर आकार पाहा. लांब, एका दिशेने घुसलेले असेल तर 'त्सुकिदेरु', आणि जिकडे घुसले तिकडे 'नि': 'मिसाकि गा उमि नि त्सुकिदेते इरु', भूशिर समुद्रात शिरले आहे. सपाट भागातून पुढे आलेला उंचवटा असेल तर 'देप्पारु'. खोलीत आलेला खांब आणि सुटलेले पोट, दोन्हींना हेच चालते. छज्जासारखे पसरून पुढे येणारे ते 'हारिदासु'. जपानी हवामानवृत्तात उच्च दाबाचा पट्टाही असाच 'हारिदासतो'.

४. झटक्याने बाहेर आले? 'तोबिदासु', 'तोबिदेरु'. गादीतून वर आलेली स्प्रिंग, पान उघडताच उभे राहणारे चित्रांचे पुस्तक ('तोबिदासु एहोन'), रस्त्यात अचानक धावत येणारे मूल. मुलांबद्दलच्या इशाऱ्याच्या पाट्यांवर 'तोबिदाशि च्यूइ' (अचानक धावत येणाऱ्यांपासून सावध) लिहिलेले असते. किंमत ऐकून आपले डोळे पांढरे होतात, जपानी माणसाचे 'मे गा तोबिदेरु', म्हणजे बाहेर येतात.

५. कर्ता तपासा. 'देरु' आणि 'दासु' ही आपल्या 'निघणे' आणि 'काढणे'सारखी जोडी: 'शिता ओ दासु', जीभ बाहेर काढणे ('ओ' ही एरवी कर्माची खूण). म्हणून 'दासु' शेवटी असलेले प्रत्येक क्रियापद सकर्मक वाटते, आणि हमखास चूक इथेच होते. 'तोबिदासु' व 'हामिदासु' अकर्मक आहेत. बाहेर आलेल्या वस्तूला 'गा'च लावा. 'इए ओ तोबिदासु' (घरातून तडक निघून जाणे) यातला 'ओ' सोडलेल्या जागेचा आहे. 'त्सुकिदासु' मात्र दोन्हीकडे चालते: हनुवटी पुढे काढायलाही आणि समुद्रात शिरलेल्या भूशिरालाही.

झोपून उठल्यावर उभे राहिलेले केस यांपैकी कशातच बसत नाहीत. त्यांना 'हानेरु': 'कामि गा हानेते इरु.'